पान एक्केचाळीसवरचा गाळलेला शब्द

मी, प्रेमराज वना देवरे, वय सत्त्याहत्तर पूर्ण, सध्या धंदा काही नाही, पूर्वी दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमवर ऑपरेटर, राहणार मेहरूण, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, जळगाव, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातलं, जिल्हा धुळे, माझ्या पश्चात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत बसू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

मी शुद्धीवर आहे. डॉ. हितेंद्र चौधरी यांनी आज सकाळी मला तपासलं, वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी सगळी उत्तरं दिली आणि मग त्यांच्यापुढे बुद्धिबळाचा पट मांडून दोन चालींची मात सोडवायला घातली. ती त्यांना अजून सुटलेली नाही. आम्हा दोघांत जास्त शुद्धीवर कोण, हे त्यांनी दाखल्यात लिहिलेलं नाही.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी पत्नी कोकिळा स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलते आहे आणि मधूनमधून "व्हयनं का लिखीसन?", म्हणजे झालं का लिहून, असं विचारते आहे. दबाव म्हणायचा तर एवढाच.

आमच्या गल्लीतला वकील स्वप्नील याने मसुदा पाहून सांगितलं, "काका, मृत्युपत्रात एवढं बोलत नाहीत हो. कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा." मी म्हटलं, बाबा, कोणाला काय द्यायचं हे अर्ध्या पानाचं काम आहे. कोणावर काय ढकललं, ते लिहायला बाकीची पानं लागतात. त्याने कपाळाला हात लावला, पण कागद आणून दिले. पोरगा गुणी आहे.

कलम १. सन २००९ मध्ये मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात सहावं कलम असं होतं: "चुडामण महाजन, कंपोझिटर, याने छपाईत शब्द गाळून माझ्या पुस्तकाची अब्रू घालवली, सबब माझ्या अंत्ययात्रेचा निरोप त्यास देऊ नये." हे कलम खोटं होतं. शब्द त्याने गाळला नव्हता. माणूस मृत्युपत्रातसुद्धा खोटं लिहू शकतो, हे मला स्वतःवरूनच कळलं. हे नवं मृत्युपत्र मुख्यतः तेवढ्यासाठीच आहे. मी जाण्याआधी तो एक शब्द त्याच्या जागेवर बसला पाहिजे.

कलम २. मेहरूणमधलं घर स्वकष्टार्जित आहे. ते कोकिळेच्या हयातीत सर्वस्वी तिचं. तिच्या पश्चात मुलगा भूषण व मुलगी दिपमाला यांचं समान. कोकिळेने ते भाड्याने दिलं, विकलं किंवा त्यात कोंबड्या पाळल्या, तरी कोणी चकार शब्द काढायचा नाही. बँकेत आणि पोस्टात जे आहे तेही तिचंच.

माझ्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, कापडी पट आणि लाखेच्या सोंगट्याही तिच्याच. ती माहेराहून जुना गावठी डाव शिकून आली. त्या डावात ती मला अजून प्याद्याने मात करते, आणि प्याद्याची मात म्हणजे गावात काय अपमान असतो ते जाणत्याला सांगायला नको. माझा किल्लेकोट, म्हणजे नव्या खेळातली राजाला कडेला सुरक्षित नेण्याची चाल, तिने आजवर मान्य केलेला नाही. "राजा कसाले किल्लामा घुसस? त्याले उडी मारू द्या," असं तिचं म्हणणं. ही उडी पुढे येणार आहे, लक्षात ठेवावी.

कलम ३. माझ्या हत्यारांची पेटी, टेस्टर, मीटर, पकडी सगळ्यासकट, दिपमालाला. ती धुळ्याला असते. तिच्या घरातला फ्यूज तीच बांधते आणि जावई शेजारी उभे राहून मोबाइलचा उजेड धरतात. धरतात हेही काही कमी नाही.

कलम ४. बुद्धिबळाच्या पुस्तकांपैकी डावाच्या सुरुवातीची सगळी पुस्तकं भूषणला. तो पुण्यात असतो. कोणत्याही गोष्टीची सुरुवात त्याच्याइतकी छान कोणी करत नाही. गिटार, जर्मन भाषा, या घराचा वरचा मजला. भूषण, बाळा, रागावू नकोस. तुझ्या सुरुवाती बघून मला नेहमी आनंदच झाला.

कलम ५. बाकीची पुस्तकं लोखंडी कपाटात तीन कप्प्यांत आहेत. खालच्या कप्प्यात शिकणाऱ्याची, मधल्यात कोडी, वरच्यात डावाच्या शेवटाची. कोणाला द्यायची ते दहाव्या कलमात येईल, आधी ती कशी जमली ते सांगतो, म्हणजे घेणाऱ्याला त्यांची कदर राहील.

मला कोणी गुरू नव्हता. आबांनी गावठी डाव शिकवला, पुढचं सगळं पुस्तकांनी. भुसावळच्या रद्दीवाल्याकडे, स्टेशनाबाहेरच्या ठेल्यावर, जिथे मिळेल तिथून घेतली. एकदा जळगावात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून एक जाडजूड पुस्तक आणि शब्दकोश उचलला. दोन महिने मी त्यातल्या हत्तीच्या चाली खेळत होतो आणि एकही चाल पटावर बसत नव्हती. मग उजेड पडला की रशियन लोक आपल्या उंटाला हत्ती म्हणतात आणि आपल्या हत्तीला नाव, म्हणजे होडी. शब्द बरोबर, जनावर चूक. तेव्हा मी खूप हसलो होतो. शब्दाने माणूस कसा फसतो याचा धडा तिथेच घ्यायला हवा होता, घेतला नाही.

कोड्यांच्या प्रत्येक पुस्तकाची मागची उत्तरांची पानं मी दाभणाने शिवून टाकली आहेत. हे वेड नाही, पद्धत आहे. उत्तर पटकन दिसलं की डोकं आळशी होतं. ज्याला फारच नड असेल त्याने दोरा उसवावा, बघावं आणि स्वतःच्या हाताने परत शिवावं. एवढ्या कटकटीपेक्षा विचार करणं सोपं पडतं. आणि पुस्तक नुसतं वाचायचं नसतं. पट मांडल्याशिवाय पान उलटलं तर ते पान वाया गेलं.

दीपनगरला वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या क्लबात संध्याकाळी मी पोरांना शिकवायचो. त्यांच्या हातात देण्यासारखं मराठी पुस्तक मला मिळेना, म्हणून १९९४ साली मीच लिहिलं. नाव "पट मांडा". छापलं माझा मित्र चुडामण महाजन याने, जळगावात, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर, एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, हाताने जुळवून. सोंगट्यांचे छाप त्याने रबर कोरून केले. त्याचा घोडा गाढवासारखा दिसायचा. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "वाचणाऱ्याला अडीच घरं चालल्याशी मतलब." दोस्ती अशी होती.

कलम ६. आता पान एक्केचाळीस. ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किल्लेकोट म्हणजे राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे उभा राहतो. राजाला शह लागलेला असताना, म्हणजे त्या क्षणी त्याच्यावर मारा असताना, हे करता येत नाही. पण शह येऊन गेला आणि राजा जागचा हलला नसेल, तर पुढे किल्लेकोट करायला हरकत नाही. साऱ्या जगाचा हा नियम आहे.

माझ्या पुस्तकात ओळ नऊ अशी आहे: "शह लागलेला राजा किल्लेकोट करू शकत नाही."

एकच शब्द नाही. "लागलेला"च्या पुढे "असताना" हवा होता. तो नाही, म्हणून एकदा शह लागला की राजाचा किल्लेकोट जन्माचा गेला, असा अर्थ झाला. आणि खरं सांगायचं तर मला तोच अर्थ अभिप्रेत होता. गावठी डावात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, पण त्याला आधी शह लागला असेल तर नाही. आबा सांगायचे, "राजाले एकदाव शह लागना ना, मंग त्यानी उडी गयी." मी सातेक वर्षांचा होतो. ते माझ्या हाडात बसलं. पुढे नवा खेळ शिकताना उडीच्या जागी किल्लेकोट ठेवला आणि आबांचा नियम जसाच्या तसा त्यावर चढवला. इंग्रजी नियमपुस्तक समोर होतं, पण ते मी आबांच्या चष्म्यातून वाचलं. मी लिहिलं तेच, आणि क्लबात आबांचं नाव घेऊन शिकवलंही तेच.

त्या क्लबात रुपा पावरा नावाची मुलगी यायची. तिची आई गुंताबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून, चोपडा तालुक्यातून आलेली. पावसावरची शेती, ती पुरेना म्हणून कॉलनीत ठेकेदाराकडे मजुरीला. मुलगी कॉलनीच्या शाळेत. माझ्या सगळ्या पोरांत उत्तरांचा दोरा कधीही न उसवणारी ती एकटी. चाल सुचेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. क्लबच्या कपाटातली "पट मांडा"ची प्रत तिच्याकडेच असायची, पाठ झालेली.

सन १९९७, डिसेंबर महिना, धुळे. शालेय स्पर्धा, एका शाळेच्या हॉलमध्ये. शेवटची फेरी. जिंकली तर रुपा राज्य स्पर्धेला जाणार होती. समोर धुळ्याचीच एक मुलगी. तिच्या राजाला सहाव्या चालीत शह लागला होता, तो तिने उंट मध्ये घालून अडवला आणि बऱ्याच चालींनंतर किल्लेकोट केला. रुपाने हात वर केला. पंच आले. ती म्हणाली, "हे चालत नाही." पंच म्हणाले, "चालतं." तिने पिशवीतून माझं पुस्तक काढलं आणि पान एक्केचाळीस उघडून त्यांच्यापुढे धरलं. डाव चालू असताना पुस्तक काढलं म्हणून आधी तिला ताकीद मिळाली. मग पंचांनी ओळ वाचली, मुखपृष्ठ पाहिलं आणि भिंतीशी बसलेल्या माझ्याकडे वळून विचारलं, "देवरे सर, हे तुमचंच ना?"

हॉलमध्ये दोन जिल्ह्यांचे शिक्षक होते. त्या क्षणापर्यंत आपलं चुकलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. पंचांच्या तोंडाकडे बघून कळलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "छापखान्याची चूक आहे. एक शब्द गळलाय. वर्गात मी बरोबर शिकवतो. मुलीने नीट ऐकलं नसेल."

एका दमात मी दोन माणसांना बळी दिलं. रुपाने माझ्याकडे पाहिलं. पुस्तक पिशवीत ठेवलं, बसली आणि आठ-दहा चालींत हरली. भुसावळपर्यंत एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि मी पुढच्या बाकावर झोपल्याचं सोंग घेतलं होतं. सोमवारी तिने पुस्तक क्लबात परत केलं. त्यानंतर ती आली नाही. होळीच्या सुमारास गुंताबाईचं काम सुटलं आणि मायलेकी गावी गेल्या.

कलम ७. एकदा "छापखान्याची चूक" म्हटल्यावर ती सिद्ध करणं आलं. मी भुसावळच्या दुसऱ्या छापखान्यातून चिठ्ठ्या छापून घेतल्या: "शुद्धिपत्र. पान ४१, ओळ ९. 'लागलेला' या शब्दापुढे 'असताना' हा शब्द मुद्रकाच्या नजरचुकीने गळला आहे." आणि खळ घेऊन शिल्लक राहिलेल्या सगळ्या प्रतींत, क्लबच्या प्रतींतसुद्धा, स्वतः चिकटवल्या. पान उघडायचं, चिठ्ठी दाबायची, मिटायचं. ती ओळ मला डोळ्यांनी बघायची नव्हती.

चुडामणला हे गिऱ्हाइकाकडून कळलं. तो एसटी पकडून दीपनगरला माझ्या क्वार्टरवर आला, भिंतीशी असलेल्या पत्र्याच्या पेटीवर बसला. म्हणाला, "प्रेमराज, खिळा उलटा बसेल माझ्या हातून, एखादा काना निसटेल. अख्खा शब्द मी कधी गिळलेला नाही. तुझं हस्तलिखित काढ. दोघं मिळून बघू."

मी म्हणालो, "हरवलं."

ते तो बसला होता त्याच पेटीत होतं. कोकिळेने चहा आणला, तो तसाच ठेवून तो उठून गेला. पुढे बोदवडच्या एका शाळेने त्याच्याकडचं प्रश्नपत्रिकांचं काम काढून घेतलं, तुमच्याकडून शब्द गळतात म्हणून. त्याचं दुकान माझ्यामुळे बसलं असं मी म्हणत नाही, ऑफसेट आलंच होतं. पण माझी चिठ्ठी त्याच्या नावाला चिकटली, ती निघाली नाही. मी मात्र लोकांना इतकी वर्षं सांगत राहिलो की शेवटी मलाच खरं वाटायला लागलं. २००९ चं मृत्युपत्र मी अगदी मनापासून रागावून लिहिलं होतं.

कलम ८. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी कॉलनीतला क्लब आवरायला काढला. जुन्या माणसांनी फोन करून सांगितलं, "सर, तुमची बुद्धिबळाची पुस्तकं घेऊन जा, नाहीतर रद्दीत जातील." मी दोन गोण्या भरून आणली. त्यात "पट मांडा"ची ती प्रत होती, क्लबचा शिक्का असलेली. झटकायला उघडली तर खळ वाळून सुटलेली, आणि एक्केचाळीस पानावरची चिठ्ठी माझ्या मांडीवर पडली.

तिच्याखाली, ओळ नऊच्या शेजारी, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "सर, मी नीट ऐकलं होतं."

अक्षर रुपाचं. सोमवारी पुस्तक परत करण्याआधी लिहिलेलं. मी ते न बघता त्यावर चिठ्ठी दाबली आणि अठ्ठावीस वर्षं झाकून ठेवलं.

कंट्रोल रूमच्या लॉगबुकाचा एक नियम असतो. चूक झाली तर खोडरबर लावायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही करायची. चौतीस वर्षं नोकरीत मी तो नियम पाळला. घरी आल्यावर पाळला नाही. ते वाक्य मी त्या दिवशी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. मला लाज वाटली, आणि म्हातारपणी वाटलेली लाज जाता जात नाही.

कलम ९. माझा बेत असा होता की हे सगळं मृत्युपत्रात लिहावं, ती प्रत रुपाला ठेवावी आणि आपण मोकळं व्हावं. कोकिळेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मरीसन माफी मांगशात? मंग ती कोनाशी भांडी?"

खरंच होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी तिथेही सोपी वाट काढत होतो.

विचारत विचारत कळलं की रुपा चोपडा आगारात कंडक्टर आहे. डिसेंबरात गेलो. स्टँडवर बाकावर बसून चहा पीत होती, खाकी गणवेशात. केस कानाशी पिकलेले. लगेच उठून उभी राहिली. "सर, तुम्ही? कुठे निघालात?"

"तुझ्याकडेच," मी म्हणालो, आणि पान एक्केचाळीस उघडून पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिने चहा बाकावर ठेवून ते वाचलं. मग म्हणाली, "हे तुम्हाला आता दिसलं?"

"आता."

"मला वाटत होतं तुम्ही वाचून वर चिठ्ठी लावली. गावी जाण्याआधी मी एकदा बघून गेले होते."

म्हणजे इतकी वर्षं ती असं धरून चालली होती की तिचं वाक्य मी वाचलं आणि वर कागद लावला. मी म्हणालो, "न वाचता लावली. पण त्याने माझा गुन्हा कमी होत नाही. रुपा, तू नीट ऐकलं होतंस. मी चुकीचं शिकवलं आणि चारचौघांत ते तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं." मला रडू आलं. हे लिहायला नको असं स्वप्नील म्हणतो. राहू दे.

तिने लगेच "जाऊ द्या सर" वगैरे म्हटलं नाही. बरं झालं. तिने माझ्या पिशवीतला छोटा पट मागून घेतला आणि बाकावर तो डाव मांडला. धुळ्याचा, एकेक सोंगटी आठवून. समोरच्या मुलीचा किल्लेकोट झाल्यानंतरचा. "बघा सर. तिने किल्लेकोट केला तरी हा माझा उंट आणि हा घोडा. तीन चालींत काम होतं. तुम्ही 'नीट ऐकलं नसेल' म्हणालात आणि मला पट दिसेनासा झाला."

मी मांडीखाली हात दाबून बघितलं. खरंच तीन चाली होत्या. नियमामुळे ती हरलीच नव्हती. माझ्या एका वाक्याने हरली होती.

तेवढ्यात ड्रायव्हरने हाक मारली. तिने त्याला पाच मिनिटं थांबायला लावलं आणि पहिल्यांदा हसली. "आमच्या रेस्ट रूममध्ये डबा खाऊन झाला की खेळतो आम्ही. सगळे ड्रायव्हर तुमचाच नियम सांगतात, शह लागला, किल्लेकोट गेला. तुमचं पुस्तक एकानेही बघितलेलं नाही. सगळ्यांच्या गावात एकेक आबा होते, सर. मी रोज एकेकाला 'असताना' शिकवते."

ती प्रत मी तिला देऊ लागलो तर तिने घेतली नाही. म्हणाली, "मी लिहिलं, त्याच्याखाली उत्तर लिहा. मग घेते."

कलम १०. सबब, लोखंडी कपाटातली, भूषणला दिलेली सोडून, सर्व पुस्तकं रुपा पावरा, वाहक, चोपडा आगार, हिला. तिने ती घरी ठेवावीत की रेस्ट रूममध्ये, हा तिचा प्रश्न. मी हे तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जायची वाट कशाला बघायची? खालचा कप्पा आत्ताच पाठवा, ड्रायव्हर लोक शिकतायत." तो पाठवला आहे. मधल्या कप्प्यातल्या दोऱ्यांबद्दल तिला काही सांगायची गरज नाही.

क्लबचा शिक्का असलेली प्रतही तिची. तिच्या ओळीखाली मी शाईने लिहिलं आहे: "होय. तू नीट ऐकलं होतंस. चुकलं ते मी शिकवलं." खाली सही, तारीख.

"पट मांडा"च्या माझ्याकडे उरलेल्या प्रतींतल्या चिठ्ठ्या मी ओल्या फडक्याने सोडवतो आहे. "लागलेला"च्या पुढे काकपद, म्हणजे छापखान्यात गाळलेल्या शब्दाला करतात ती कावळ्याच्या पायासारखी खूण, तिच्यावर "असताना", आणि बाजूला माझी सही. हात कापतो, दिवसाला तीनच होतात. माझ्याकडून राहतील त्या भूषणने पुऱ्या कराव्यात आणि माझं नाव लिहून खाली स्वतःची सही करावी. भूषण, ही एक गोष्ट शेवटपर्यंत ने.

कलम ११. माझ्यामागे दहाव्याला माणसं जमतील तेव्हा कलम सहा ते नऊ मोठ्याने वाचावीत. दिपमालाने वाचावीत, तिचा आवाज लांबपर्यंत जातो. त्याआधी कोणी माझ्या स्वभावाची स्तुती करू नये. नंतर वाटलं तर करावी.

कलम १२. चुडामणच्या नावाने इथे मी हस्तलिखिताचं ते पान ठेवणार होतो. स्वप्नील म्हणाला, ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करू नये, उगीच शंका येते. आणि साक्षीदार तर मला चुडामणच हवा होता. म्हणून परवा त्याला रिक्षाने घरी आणवलं. ऐंशीचा झाला आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू. तो दारातूनच म्हणाला, "बोल, आता कुठला शब्द गळला तुझा?"

मी ती पेटी उघडली, पान काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा सारखा केला, कागद नाकाशी नेला आणि ओळ नऊवर बोट ठेवलं.

"असताना नाही," तो म्हणाला.

"नाही. कधीच नव्हता."

तो पेटीकडे बघत राहिला. "तीच का ही?"

"तीच."

"मी बसलो होतो हिच्यावर."

"हो."

त्याने पानाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि पुन्हा त्याच पेटीवर बसला. आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, माझा एक चहा राहिलाय तुमच्याकडे." कोकिळेने आणला. त्याने बशीत ओतून सगळा प्याला.

या मृत्युपत्रावर सही करायला तो तयार झाला, पण एका अटीवर. सगळं वाचल्याशिवाय नाही. म्हणाला, "तेव्हा तू लिहिलंस ते तसंच जुळवलं, माझा दोष नव्हता. पण इथे सही माझी, म्हणून वाचणार." आज तो पुन्हा आला आहे आणि त्याचं वाचून होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो आहोत. डॉक्टर पटाशी बसले आहेत.

येणेप्रमाणे, खोडाखोड न करता, जिथे चुकलं तिथे एक रेघ मारून बाजूला सही करून, मी हे लिहून पुरं केलं.

ठिकाण: मेहरूण, जळगाव
दिनांक: १९ जानेवारी २०२६

(सही) प्रेमराज वना देवरे

आम्हा दोघांसमक्ष मृत्युपत्रकर्त्याने सही केली व त्याच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) डॉ. हितेंद्र चौधरी, जळगाव.
मृत्युपत्रकर्ते पूर्ण शुद्धीवर आहेत. मात सुटली, घोडा आधी.

साक्षीदार २: (सही) चुडामण महाजन, कंपोझिटर, निवृत्त, जळगाव.
पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली आहे, ती तशीच ठेवली. शब्द एकही गळलेला नाही.